नातीची सायकल गॅलरीतच का?

आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी एक सायकल उभी आहे. लाल रंगाची, पुढे टोपली, मागे कॅरिअर. नातीला अकराव्या वाढदिवसाला घेतलेली. सध्या तिच्या हँडलवर पायपुसणी वाळत असतात. तुमच्याही घरी अशी एखादी असेल, जिन्याखाली नाहीतर गच्चीत धूळ खात पडलेली. घेताना केवढी हौस असते! मग पंधरा दिवस सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारून झाल्या की मूल विचारतं, "आता रस्त्यावर नेऊ?" आणि आई, बाबा, आजी सगळे एका सुरात ओरडतात, "मुळीच नाही!"

बरं, यात आपलं चुकतं असंही म्हणवत नाही. त्या गर्दीत लेकराला एकटं सोडायला कुणाचं मन होईल?

पण या 'मुळीच नाही'ची किंमत घरात कोण भरतं, हे कधी पाहिलंत? नातीचा क्लास घरापासून दीड किलोमीटरवर. सून ऑफिसातून येते, पर्स खुंटीला अडकवते न अडकवते तोच स्कूटरची किल्ली उचलते. मुलीला सोडायचं, घरी येऊन कुकर लावायचा, पुन्हा आणायला पळायचं. एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. रोजच्या चार खेपा म्हणजे सहा किलोमीटर. आठवड्याचे पाच दिवस धरले तर तीस. एका खेपेला दहा मिनिटं धरली, तर आठवड्याचे तीन तास वीस मिनिटं झाले! पेट्रोल मी हिशेबात घेतलंच नाही. सून म्हणाली, "आई, हा कागद फाडून टाका. वाचलं की जास्तच दमायला होतं."

आणि एवढंच अंतर मी नातीच्या वयाची असताना सायकलवर आठ मिनिटांत कापत होते. गाणं म्हणत!

मी काही शूर नव्हते बरं का. पुण्यात १९७० च्या सुमाराला सगळ्याच मुली सायकलवर असायच्या. पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणत, ते उगीच नव्हे. शाळेच्या स्टँडवर सायकलींची इतकी दाटी, की एक पडली तर अख्खी रांग आडवी व्हायची आणि शिपाईमामा सगळ्यांचा उद्धार करायचे. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस अडवायचा. डबलसीट सापडलात तर चाकातली हवाच सोडून द्यायचा. आमची भीती तेवढीच, पोलिसाची! लग्न झालं, नोकरी लागली, तशी पाचवारी साडी नेसून लेडीज सायकलवर ऑफिसला जाऊ लागले. मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली होती, म्हणजे पदर अडकत नसे.

तो चपटा डबा

१९८६ साली एका पुलाच्या उताराला एक मालट्रक मला इतका खेटून गेला, की मी तोल जाऊन कडेला पडले. कोपर खरचटलं, बांगड्या फुटल्या, एवढंच. पण कॅरिअरला लावलेला जेवणाचा डबा घरंगळत ट्रकच्या मागच्या चाकाखाली गेला. उचलून पाहिला तर पोळीसारखा चपटा! तो डबा मी घरी आणला आणि तिथेच चूक झाली म्हणा. सासूबाईंनी तो पाहिला, ह्यांनी पाहिला. ह्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. पुढच्या महिन्यात दारात लूना उभी राहिली.

त्यानंतर सायकल सुटली ती सुटलीच. मला मनातून सारखं वाटत राहिलं, की मीच भित्री. दुसऱ्या बायका चालवतात, आपल्यालाच जमलं नाही. तुमच्यापैकी किती जणींनी असंच स्वतःला बोल लावून घेतला असेल, कोण जाणे. माझा तो समज जायला मला चाळीस वर्षं लागली, आणि त्यासाठी लेकीच्या बाळंतपणाला सातासमुद्रापलीकडे जावं लागलं.

लेकीच्या गावी

लेक-जावई नेदरलँड्समध्ये असतात. आपण हॉलंड म्हणतो, तोच देश. गाव युट्रेक्ट. दोन वर्षांपूर्वी मी डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, बाळलेणी असं सगळं बांधून गेले. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पाहते तो काय, आठवा महिना सरत आलेली माझी लेक तपासणीला निघाली, ती सायकलवर! (तिकडे सगळं सुरळीत असेल तर तपासणी सुईणच करते, चांगली चार वर्षं शिकलेली असते. पण तो विषय निराळा.) माझ्या पोटात धस्स झालं. मी तिला दोन शब्द सुनावलेसुद्धा. ती हसून म्हणाली, "आई, तू चालत माझ्याबरोबर ये आणि रस्ता बघ. मग बोल."

म्हणून मी रस्ता पाहिला. तुम्हाला तो नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

मधे मोटारींचा रस्ता. त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायची जागा. मग झाडांची पट्टी, किंवा दगडी कठडा. त्याच्या अलीकडे तांबड्या डांबराचा सायकलमार्ग, आणि त्याला लागून पायी चालणाऱ्यांची वाट. म्हणजे उभ्या गाड्यांची रांग सायकलवाल्यांच्या वाटेत नाही, ती त्यांच्या आणि धावत्या मोटारींच्या मधे! आपल्याकडे जी रांग अडचण, तीच तिथे कुंपण. मार्गाची रुंदी निदान दोन मीटर, म्हणजे साडेसहा फूट. दोन मैत्रिणी शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकतात. एका आईच्या उजव्या हाताला तिचं सहा-सात वर्षांचं पिल्लू आपल्या छोट्या सायकलवर चाललेलं, आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हलकेच पुढे ढकलत होती. ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि चौक! खरी मेख चौकातच असते. आपल्याकडे रस्ताभर काय वाट्टेल ते करतील, पण चौक आला की पट्टा गायब. तिथे चौकाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक छोटा बांधीव उंचवटा असतो. त्याला वळसा घालायचा म्हणून वळणाऱ्या मोटारीला वेग कमी करावाच लागतो. ती वळते तेव्हा सायकलवाली अगदी ड्रायव्हरच्या समोर, काचेतून दिसेल अशी असते; कुशीत, न दिसणाऱ्या जागी नसते. माझ्या डब्यावरून ज्या ट्रकचं चाक गेलं, त्याच्या ड्रायव्हरनं मला पाहिलंच नव्हतं, हे मला त्या चौकात उभी असताना कळलं.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर एका रविवारी लेकीनं मला सायकल काढून दिली. मी नको-नको म्हणत होते. तिकडच्या बऱ्याच सायकलींना हँडलवर ब्रेकच नसतो, पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत मी तीनदा भर मार्गात थांबले आणि मागून येणाऱ्या एका काठीधारी आजीबाईंनी घंटी वाजवून मला बाजूला केलं. काठी सायकलला बांधलेली होती त्यांनी! पण अर्ध्या तासानं काय झालं, सांगू? माझ्या लक्षात आलं, की मी मान वळवून मागे पाहणं सोडून दिलं आहे. खांदे आवळलेले नाहीत. मी गुणगुणते आहे.

मी तीच, वय चाळीस वर्षांनी वाढलेलं, गुडघे दुखणारे. भीती माझी नव्हतीच. ती त्या पुलाच्या रस्त्याची होती.

आयांनी रस्ता अडवला

तुम्ही म्हणाल, त्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे. मीही तसंच म्हणत होते. लेकीच्या शेजारच्या आजींनी माझा समज खोडून काढला, आणि मग मी मिळेल ते वाचून काढलं.

त्या देशातही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा सुकाळ झाला. रस्ते रुंद करायला जुनी घरं पाडली, कालवे बुजवले. युट्रेक्टचा एक जुना कालवा बुजवून तिथे मोठा मोटाररस्ता केला होता. तो उखडून २०२० साली पुन्हा पाणी सोडलं, ते मी स्वतः पाहून आले. १९७१ मध्ये, एक कोटी बत्तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या चिमुकल्या देशात, रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्यांतलीच एक. १९७२ साली त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी वापरला नाही, हे लक्षात घ्या.

त्या मथळ्याचं नाव घेऊन एक चळवळच उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष कोण, तर मार्च्ये फान पुटन नावाची अ‍ॅमस्टरडॅममधली पंचविशीच्या आतली आई. पुढे ती युरोपच्या संसदेत निवडून गेली, पण तेव्हा ती आपल्यासारखीच मूल कडेवर घेतलेली बाई होती. या मंडळींनी गल्ल्या अडवल्या. रस्त्याच्या मधोमध टेबलं मांडून मुलांसकट जेवायला बसल्या. सायकली घेऊन पंतप्रधान योप डेन अउल यांच्या घरावर गेल्या, दारात गाणी म्हटली. पंतप्रधानांना बाहेर येऊन त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं. आपल्याकडे लाटणं मोर्चे निघाले, ते याच सुमाराचे! महागाईपायी मृणालताई गोऱ्यांबरोबर बायका मुंबईत रस्त्यावर उतरल्या, आणि तिकडे आया मुलांच्या जिवासाठी.

त्यात १९७३ चं तेलसंकट आलं. त्या नोव्हेंबरपासून काही रविवारी सरकारनं मोटारी बंदच ठेवल्या, आणि रिकाम्या हमरस्त्यावर मुलं चाकाच्या बुटांवर खेळू लागली. लोकांना कळलं, की असंही जगता येतं. मग टिलबर्ग आणि द हेग या गावांत नमुन्याचे सायकलमार्ग बांधले. हेगचे दुकानदार खवळले होते बरं का! गिऱ्हाईक तुटेल, माल कुठे उतरवायचा, हीच कारणं. ऐकल्यासारखी वाटतात ना? त्या नमुन्यांतून एक धडा मिळाला: एकच चांगला मार्ग बांधून भागत नाही. त्या मार्गापर्यंत जायचं कसं आणि तो संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर नसलं की नवी माणसं सायकलवर येत नाहीत. म्हणून १९८० नंतर डेल्फ्ट गावानं साऱ्या गावभर जोडलेलं जाळं विणलं आणि तेव्हा फरक दिसला.

२०२३ साली त्या देशात रस्त्यांवर ६८४ माणसं गेली. १९७१ च्या मानानं पाचवा हिस्सा, आणि वस्ती मात्र तेव्हापेक्षा बरीच वाढलेली. या ६८४ मध्ये २७० सायकलस्वार होते, त्यांत वयस्कर माणसं पुष्कळ. म्हणजे तिकडे सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे एका २०२२ सालात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, हा सरकारी आकडा आहे. निम्म्याहून कितीतरी जास्त लोक दुचाकीवरचे आणि पायी चालणारे. आपण 'अपघात' म्हणतो आणि पुढचं पान उलटतो.

"आपल्याकडे नाही जमायचं!"

हे वाक्य मला परत आल्यापासून निदान वीस जणांनी ऐकवलं. थंड देश, सपाट जमीन, पैसेवाले लोक!

मग स्पेनमधल्या सेव्हिल गावाचं काय? तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अगदी नागपूरकरांनीही हो म्हणावं असं ऊन. सायकल तिथे कुणी चालवत नव्हतं. शंभर फेऱ्यांत एकही धड सायकलची नसे. २००६-०७ मध्ये नगरपालिकेनं सुमारे ऐंशी किलोमीटरचे, कठड्यानं वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले मार्ग एका दमात बांधून काढले. काही वर्षांत सायकलच्या फेऱ्या दहापटीच्या वर गेल्या. माणसं तीच, ऊन तेच.

अमेरिकेत पोर्टलंड शहराच्या सायकल विभागातल्या रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमाराला शहरातल्या माणसांचे चार प्रकार पाडले होते. शंभरात एखादाच असा, की कुठल्याही रस्त्यावर बिनधास्त सायकल दामटेल. सातएक जण असे, की थोडी सोय असली तर पुरे. तेहेतीस जण काही केल्या सायकलला हात लावणार नाहीत. आणि उरलेले साठ? त्यांना चालवायची इच्छा आहे, पण धास्ती वाटते. मी हे वाचलं आणि मोठ्यानं म्हटलं, अगबाई, ही तर मीच! तुम्ही कुठल्या रांगेत बसता, ते मनाशी ठरवा. माझी पैज, की साठातल्याच असाल.

त्याच देशातल्या बारा मोठ्या शहरांचा तेरा वर्षांचा तपशील दोन प्राध्यापकांनी तपासून २०१९ साली मांडला. जिथे कठड्यानं वेगळे केलेले सायकलमार्ग जास्त, तिथे सायकलवालेच काय, मोटारीत बसलेलेसुद्धा कमी मेले. रस्त्याला शिस्त लागते, वेग उतरतो. नुसता रंगाचा पट्टा मारला, तर मात्र हा फायदा दिसला नाही. 'आमच्या मोटारींची जागा का खाता?' म्हणणाऱ्या ह्यांच्या मित्राला मी हे सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फारच वाचायला लागलात."

आणि आपल्या बायकांना सायकल नको आहे, हे तर साफ खोटं. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो खेडूत बायका अक्षरांबरोबर सायकल शिकल्या. बिहारमध्ये २००६ पासून सरकारनं नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले; पाहणीत दिसलं, की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढल्या. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरांत सायकल होती. म्हणजे सायकल आहे, पाय आहेत, हौस आहे. नाही तो रस्ता.

पट्टा नव्हे, मार्ग

पुण्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. २००६ च्या डिसेंबरात कात्रज ते हडपसर जलद बसचा मार्ग सुरू झाला, त्या कामाबरोबर सायकलमार्गही बांधले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीत सायकली आल्या आणि दीड-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. डेल्फ्टनं जे केलं, म्हणजे सलग जोडलेलं जाळं, ते पुण्यात अजून व्हायचं आहे.

आता आम्ही पुण्यात राहत नाही. जिथे राहतो त्या शहराचं नाव मुद्दाम सांगत नाही. तुमच्याच गावासारखं आहे म्हणा ना. तिथे एका मोठ्या रस्त्याला हिरव्या रंगाचा सायकलचा पट्टा आखलेला आहे. परवा सकाळी मी तो चालून पाहिला. पहिल्या शंभर पावलांत सात मोटारी, दोन हातगाड्या, एक विजेचा खांब आणि एक उघडं गटार. पुढे चौक, तिथे पट्टा संपला. चौकापलीकडे पुन्हा सुरू झाला, आणि मोटारसायकली त्यावरून जवळची वाट म्हणून सुसाट चाललेल्या. मला चौकातल्या भाजीवालीचा राग आला नाही, हे आधीच सांगते. तिला बसायला दुसरी जागा कुणी आखून दिली आहे का? रस्ता आखताना तिची जागाही आखायला हवी. राग आला तो रंगाच्या डब्याचा. डबा ओतला की काम झालं, असं कुणाला वाटलं असेल?

त्या पट्ट्यावरून तेवढ्यात एक ओळखीचा माणूस गेला, आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा रखवालदार. पट्टा सोडून, मोटारींच्या मधून. रोज आठ किलोमीटर येतो आणि आठ जातो. "पट्ट्यातून का नाही येत हो?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं. "ताई, दर गाडीला वळसा घालून बाहेर यायचं न् परत आत शिरायचं, त्यातच मागून ठोकतील," तो म्हणाला. त्याला कुणी तज्ज्ञ म्हणणार नाही. पण अमेरिकेतल्या प्राध्यापकांना बारा शहरं तपासून जे दिसलं, ते त्याला रोज दिसतं. सायकलमार्ग म्हणजे शौकीन मंडळींची रविवारची सोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहाटे साडेपाचला दारात उभं राहावं. पेपरवाला, दूधवाला, रंगारी, रखवालदार, सगळे सायकलवरच असतात, आणि सगळे जीव मुठीत धरून.

अरुंद गल्लीबोळांचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे वेगळा मार्ग लागतच नाही. हॉलंडातही वस्तीतल्या गल्ल्यांत सायकली आणि मोटारी एकत्रच चालतात. फक्त मोटारींना ताशी तीस किलोमीटरच्या वर जाऊ देत नाहीत, आणि रस्त्याला ठिकठिकाणी उंचवटे आणि वळणं अशी देतात, की जाताही येत नाही. कठडा हवा तो मोठ्या, वेगाच्या रस्त्यांवर, जिथून क्लासला, बाजाराला, स्टेशनला जावं लागतं.

तेव्हा तुमच्या गावात सायकलमार्गाची भाषा निघाली, तर तो रंगाचा की कठड्याचा, हे आधी विचारा. कठडा एवढा उंच हवा, की मोटारसायकल चढवता येऊ नये. तोंडाशी खुंट हवेत, पण त्यांच्या मधून सायकल आणि अपंगांची तीनचाकी जायला हवी. पावसाळ्यात पाणी तुंबणार नाही असा उतार हवा. बहुतेक ठिकाणी तिथेच घोडं पेंड खातं. सावलीला झाडं, रात्री दिवे. दिव्यांचं मात्र ठासून सांगा, कारण अंधारा मार्ग पुरुषमाणूस कदाचित चालवून घेईल, तुमची मुलगी चालवणार नाही आणि तुम्ही तिला जाऊही देणार नाही. आणि चौकात काय करणार, हे कागदावर काढून दाखवायला लावा.

सांगायचं कुणाला? नगरसेवकाला, क्षेत्रीय कार्यालयाला, शाळेच्या पालक सभेत. पुण्याच्या महापालिकेनं २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात केली. तुमच्या गावी तशी सोय आहे का, एवढं तरी विचारून ठेवा. एकटीनं जाऊ नका. क्लासबाहेर स्कूटर लावून ताटकळणाऱ्या ज्या दहा-बारा जणी असतात ना, तीच तुमची समिती! आमची तशीच जमली.

गेल्या रविवारी सकाळी सहाला, रहदारी सुरू व्हायच्या आत, मी, सून आणि त्यांतल्या चौघी जणी क्लासच्या रस्त्यावर गेलो. शिवणाच्या डब्यातली टेप नेली होती, ती अपुरी पडली; मग एकीनं घरातून सुतारकामाची मोठी टेप आणली. दूधवाला थांबून बघत राहिला. एका काकांनी विचारलं, "कसला सर्व्हे?" नातीनं वहीत आकडे लिहून घेतले. रस्ता एकूण चाळीस फूट. दोन्ही कडांना रात्रभर उभ्या राहणाऱ्या मोटारींनी खाल्लेला, तेरा फूट. म्हणजे एका बाजूची नुसती रांग हलली, तर एका दिशेचा सायकलमार्ग बसतो, जवळजवळ दोन मीटरचा. नातीनं त्याचं चित्र काढलं, तांबड्या स्केचपेननं.

ते चित्र आम्ही अर्जाला जोडलं. अर्जावर सत्तेचाळीस सह्या आहेत. पहिली रखवालदाराची, कारण तो म्हणाला, "मी रोज जातो, मी आधी करतो." दोन सह्या अशा घरांतल्या, ज्यांच्या मोटारी त्या रांगेत उभ्या असतात, त्या बायकांनी घरी काय ऐकून घेतलं, ते मी विचारलं नाही. ह्यांची सही सेहेचाळिसावी. पेन हातात घेऊन जरा वेळ बसले होते. मग म्हणाले, "त्या पुलाच्या उतारालाही तेव्हा असं काही असतं, तर..." आणि सही केली.

बुधवारी कार्यालयात अर्ज देऊन आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. साहेब रजेवर होते. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं आहे, सहाही जणींनी. नातीनं पायपुसणी काढून दोरीवर टाकली आहेत आणि सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून आणली आहे. सध्या ती आवारातच फिरवते.